झोपेतली मोजणी

१

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी ताईचं पाळणाघर झोपायचं. झोपायचं म्हणजे झोपायचंच. दोन ते चार वर्षांची बारा मुलं, आणि एकालाही न झोपण्याची मुभा नव्हती. दुसऱ्या पाळणाघरांत अंगाई, गोष्टी, लाडीगोडी काय काय चालायचं. इथं पडदे ओढले, पंखा दोनवर केला, की ताई त्या लांबट खोलीच्या मधोमध बुटक्या स्टुलावर बसायची आणि नुसती नजर फिरवायची. पाच मिनिटांत बारा चटयांवर बारा गाठोडी. तिच्या मदतीला असलेल्या मावशी म्हणायच्या, "ताई, तुम्ही अजून थोडं बघितलंत तर पंखापण झोपेल."

ताईला स्वतःविषयी फारशा शंका नव्हत्या. बावीस वर्षांत तिनं मुलांच्या नाकांतून वाटाणे काढले होते, घशांतून बटणं काढली होती आणि दारात चेमटलेली बोटं सोडवली होती, तीही आवाज न चढवता. घाबरणं हा तिच्या मते वेळेचा अपव्यय होता. घाबरायचंच असेल तर काम उरकून मग घाबरावं, असं ती मावशींना सांगायची. काम उरकल्यावर अर्थातच कोणालाच घाबरायची आठवण राहत नसे.

त्यामुळे भिंगरीला इथं पहिल्यांदा आकडी आली, तेव्हा खोलीत धावपळ केली ती फक्त मावशींनी.

भिंगरी अडीच वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव पडलेलं. सकाळी ठणठणीत आलेली पोर त्या दुपारी झोपेतच ताठ झाली. डोळे वर गेले, हातपाय झटके देऊ लागले, ओठ निळसर पडले. मावशी स्वयंपाकघरातून चमचा घेऊन धावत आल्या.

"दात आवळलेत हो तिचे! जीभ चावेल!"

"चमचा खाली ठेवा, मावशी. तोंडात काहीही घालायचं नाही. हातपाय धरायचे नाहीत. टॉवेल द्या."

ताईनं भिंगरीला डाव्या कुशीवर वळवलं, डोक्याखाली टॉवेल सरकवला, गळ्याचं बटण काढलं, आणि मोजायला सुरुवात केली. आकडी किती वेळ टिकली हे डॉक्टर सगळ्यात आधी विचारतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. भिंतीवरचं घड्याळ तिच्या पाठीमागे होतं आणि मुलीवरची नजर काढायची नव्हती. म्हणून ती मोठ्यानं मोजत होती, सेकंदाला एक, दर दहा आकड्यांनंतर एक "चला" म्हणत. आठ, नऊ, दहा, चला. व्यायामाच्या तासाला मोजावं तसं, एका सुरात.

चौऱ्याऐंशीवर झटके थांबले. भिंगरीनं एक लांब श्वास घेतला आणि ती रडायला लागली. ते रडणं ऐकून मावशींनी खाली ठेवलेला चमचा उचलला.

ताईनं मान वर केली. बाकीची अकरा मुलं आपापल्या चटयांवर उठून बसली होती. एकही रडत नव्हतं. भिंगरीकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. सगळी ताईच्या तोंडाकडे बघत होती.

घाबरली असतील, असं तिला वाटलं. तिनं सगळ्यांना पाणी दिलं.

२

मुलांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर होता. त्यांनी ताप पाहिला, कान पाहिले, घसा पाहिला.

"तापातली आकडी आहे. सहा महिने ते पाच वर्षं, या वयात काही मुलांना होते. ताप चढताना येते, कधीकधी ताप आलाय हेच आकडीमुळे कळतं. दिसायला भयंकर. पण बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते आणि मागे काही ठेवत नाही. पाच मिनिटांच्या वर गेली, तर मात्र थांबायचं नाही. उचलून तडक इकडे. आणि तुम्ही काय काय केलंत?"

ताईनं सांगितलं.

"मग मी कशाला हवी होते?" डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या.

भिंगरीची आई चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायची. ती आली तेव्हा तिच्या बोटांना अजून पांढरी पूड लागलेली होती. मुलीला छातीशी धरून ती ताईला म्हणाली, "आधीच्या दोन पाळणाघरांनी याच कारणावरून नाही म्हटलं, ताई. तुम्हाला मी सांगितलं नव्हतं. तुम्ही पण काढून टाकलंत तर मला काम सोडावं लागेल. घरात दुसरं कोणी नाही."

सांगितलं नव्हतं, हे ताईला मुळीच आवडलं नाही. तिनं त्याबद्दल तिला चांगलं खडसावलं. मग तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "पोरगी इथंच राहील. माझ्या हाताखाली आहे तोवर हिच्या केसाला धक्का लागणार नाही. शब्द देते."

ताई शब्द फार कमी वेळा द्यायची. दिलेला एकही तिनं अजून मोडला नव्हता.

३

महिनाभरानं एका दुपारी ताई स्टुलावर बसून मोज्याला पडलेलं भोक शिवत होती. पंखा फिरत होता. त्याची एक बारीक कुरकुर होती, तिच्या खाली आणखी एक आवाज तिला ऐकू आला. कुजबुजल्यासारखा, खोलीच्या सगळ्या कोपऱ्यांतून एकदमच येणारा.

तिनं सुई थांबवली.

"...सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, चला."

मुलं मोजत होती. झोपेत, मिटल्या डोळ्यांनी. अकरा तोंडं अगदी थोडी हलत होती. ताईला आधी हसू आलं. मुलं म्हणजे पोपट. त्या दिवशी ऐकलं, आज बोलून दाखवतायत. मावशींना हाक मारून दाखवावं, म्हणून ती उठलीही.

मग तिच्या लक्षात आलं, की यातल्या निम्म्यांना "तीन" म्हणता येत नव्हतं. खिडकीजवळच्या जुळ्यांची गाडी पाचाच्या पुढे गेली की थेट दहावर जायची. आणि आत्ता ती दोघं एकोणसाठ म्हणत होती. एकोणसत्तर. एकोणऐंशी. मोठी माणसं जिथं अडखळतात, ते आकडे ती एकही न चुकता, स्वच्छ उच्चारत होती. प्रत्येक दहाला ताईच्याच सुरात, "चला."

आणि सगळी एकाच जागेकडे वळून झोपली होती. खिडकीकडची उजव्या कुशीवर, दाराकडची डाव्या कुशीवर. मधोमध होती भिंगरीची चटई. ती एकटी गप्प होती, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली.

एकशे दहावर आवाज थांबला. पंखा कुरकुरत राहिला.

ताईनं भिंगरीचा ताप पाहिला. नव्हता. ती परत स्टुलावर बसली आणि मोजा शिवून संपवला, कारण अर्धवट काम तिला बघवत नसे. पण टाके वेडेवाकडे आले.

अर्ध्या तासानं भिंगरी उठली, पाणी मागितलं, आणि पेला हातात असतानाच ताठ झाली. ताईनं कुशीवर वळवलं. टॉवेल. बटण. मोजणी.

एकशे दहावर आकडी थांबली.

४

या गोष्टीला साधं उत्तर असणार, याबद्दल ताईला खात्री होती. तिनं ते शोधायचं ठरवलं. पुढचे पंधरा दिवस ती रोज दुपारी कान देऊन बसली. मुलं घोरली, पुटपुटली, एक तर झोपेत कुणाशी तरी भांडलं. मोजलं कोणीच नाही. जागेपणी तिनं त्यांना ओळीत उभं करून मोजायला लावलं. एक, दोन, चार, नऊ, अशी वरात निघाली आणि जुळी आपसात मारामारी करू लागली.

कदाचित आपणच एकशे दहाला मोजणं थांबवलं असेल, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. आकडा डोक्यात बसला होता, म्हणून तोंड तिथं थांबलं. पण तोंड थांबलं तरी आकडी कशी थांबेल? तिथं येऊन तिचं उत्तर अडायचं.

डॉक्टरीणबाईंना तिनं निम्मंच सांगितलं. त्या म्हणाल्या, मुलं झोपेत खूप काही बोलतात, तुम्ही जरा सुट्टी घ्या.

मावशी मात्र घाबरल्या होत्या. पहिल्या दिवशीही मुलं आधी झोपेत पुटपुटत होती, हे त्यांना आता आठवलं. तेव्हा त्यांना ते गाणं वाटलं होतं.

"ताई, त्या मुलीला पाठवून द्या हो. बाकीच्यांना काही झालं म्हणजे?"

"बाकीच्यांना काय होणारे? मोजतायतच ना? मोजू देत." ताईनं दुधाची भांडी खडाखड विसळली. "उलट बरंच आहे. आकडी यायच्या आधी मला कळतं. असं कोणत्या पाळणाघरात कळतं, सांगा? कुणी का सांगेना, कामाचं सांगतंय."

हे ती मनापासून बोलली. भीती वाटण्यापेक्षा उपयोग करून घेणं तिला कधीही सोपं वाटायचं. तिनं दवाखान्याचा फोन नंबर दारामागे मोठ्या अक्षरांत लिहून लावला, घड्याळ समोरच्या भिंतीवर आणलं, आणि निश्चिंत झाली. निदान मावशींना ती निश्चिंत दिसली.

५

आणि मग तो मंगळवार आला. भिंगरी त्या दुपारी झोपलीच नाही. चटईवर पालथी पडून पायांनी हवेत सायकल चालवत होती, आणि ताईनं पहिल्यांदाच तिला सूट दिली होती.

एक वाजून पस्तीस मिनिटांनी मोजणी सुरू झाली.

ताई सावध होऊन बसली. घड्याळ समोर होतं. मुलांचा एकेक आकडा सेकंदकाट्याबरोबर पडत होता. पन्नास, चला. शंभर, चला. एकशे दहा आलं आणि गेलं. भिंगरी आपली बोटं तोंडात घालून बाकीच्या मुलांकडे बघत होती, तिला गंमत वाटत होती.

दोनशे. मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी तोंडाला पदर लावला होता.

"ताप?" त्यांनी विचारलं.

"नाही. अठ्ठ्याण्णव." ताईनं दोनदा बघितला होता.

दोनशे ऐंशी. दोनशे नव्वद. ताईनं भिंगरीला जवळ ओढलं. तीनशे म्हणजे पाच मिनिटं. तीनशे, चला, असं मुलं म्हणाली आणि मोजतच राहिली.

ती उठली. "मावशी, मी हिला समोर घेऊन जाते. तुम्ही इथून हलू नका. कुठं थांबतात ते ध्यानात ठेवा."

"अहो पण पोर तर खेळतेय! डॉक्टरांना काय सांगणार?"

"पोहोचल्यावर बघू."

चपला न घालताच ती रस्ता ओलांडून गेली. भिंगरी कडेवर बसून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला टाटा करत होती.

डॉक्टरीणबाईंनी भिंगरीला तपासलं, मग ताईकडे असं बघितलं, की जणू आता हिलाच तपासायला हवं. "ताप नाही. कान स्वच्छ. मुलगी हसतेय. ताई, तुम्हाला मी सुट्टी घ्या म्हटलं होतं ना?"

"दहा मिनिटं बसू द्या. मग जाते. तेवढं ते पाच मिनिटांनंतरचं औषध जवळ काढून ठेवा."

ताईच्या आवाजात विनंती नव्हती. डॉक्टरीणबाईंनी खांदे उडवले आणि कपाट उघडलं.

मावशींचा फोन आला. "थांबली. तीनशे नव्वद."

सातव्या मिनिटाला भिंगरीचे गाल लाल झाले. आठव्या मिनिटाला ताई म्हणाली, "आली." डॉक्टरीणबाई वळेपर्यंत मुलगी ताठ झाली होती. या वेळचे झटके आधीपेक्षा मोठे होते. एक मिनिट गेलं, दोन, तीन. डॉक्टरीणबाईंनी एव्हाना हसणं सोडून प्राणवायूची नळी लावली होती. पाचव्या मिनिटाला त्यांनी औषध गालाच्या आत सोडलं. ताई मोजत राहिली. तीनशे सत्तर. तीनशे ऐंशी, चला.

तीनशे नव्वदला अंग सैल पडलं.

"तुम्ही तिला इथं आणलं नसतं तर..." डॉक्टरीणबाईंनी वाक्य पूर्ण केलं नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता. "कसं कळलं तुम्हाला?"

"बावीस वर्षं झाली," ताई म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला होता आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःचा अभिमानही वाटत होता. तिनं चष्म्याच्या दुकानात फोन लावला. "अगं, आकडी येऊन गेली. आता बरी आहे, झोपलीय. डॉक्टर जवळ आहेत. सावकाश ये, धावू नको." दिलेला शब्द तिनं पाळला होता.

६

फोन ठेवते न ठेवते तोच तो पुन्हा वाजला.

"ताई, परत सुरू झालंय."

मावशींच्या मागून तो सूर येत होता. ताईनं भिंगरीकडे पाहिलं. पोर उताणी झोपली होती, श्वास संथ होता.

"कितीवर आलीत?"

"चारशेच्या वर गेलीत. झोपेत नाहीत हो! उठून बसलीत. डोळे उघडे आहेत. मी हाका मारल्या, हलवलं, टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत."

"तोंडं कुठं आहेत त्यांची? तिच्या चटईकडे?"

"नाही. रस्त्याकडच्या भिंतीकडे. तुम्ही आहात तिकडे."

"भिंगरी आहे इकडे," ताई म्हणाली. "म्हणून." हे उत्तर तिला पटलं. तिनं डॉक्टरीणबाईंना सांगितलं, की आकडी परत येईल, लांबेल, दुसरं औषध तयार ठेवा. त्यांनी या वेळी खांदे उडवले नाहीत. त्या मुकाट्यानं कपाटाकडे गेल्या.

फोन कानाला धरून ताई चार-पाच मिनिटं वाट बघत राहिली, मग भिंगरीच्या उशाशी वाकली. पोरीचे ओठ हलत होते.

"...सातशे चौदा, सातशे पंधरा..."

फोनमधूनही सातशे पंधरा आलं. आजवर भिंगरी कधीच मोजत नव्हती. जिची पाळी असायची, ती गप्प असायची.

ताईला आता भीती वाटली. नीट, सरळ, काम उरकायच्या आधीच वाटली. पण डोकं चालत होतं, आणि डोकं चालतंय तोवर पडताळून पाहायला काय हरकत आहे, असं तिला वाटलं. भिंगरीचा चेहरा तिच्याकडे होता. ती उशापासून पायथ्याकडे गेली. मिटल्या डोळ्यांचा तो चेहरा हळूहळू पायथ्याकडे कलला. ती खाट ओलांडून खिडकीच्या बाजूला गेली. चेहरा उशीवरून खिडकीकडे वळला.

"ताई," फोनमधून मावशी अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "आत्ता सगळी जराशी सरकली हो. आधी त्या बाजूला, मग या बाजूला. कुणीतरी समोरून चालत गेल्यावर बघावं तशी."

ताईनं "बरं" म्हटलं. ती होती तिथंच उभी राहिली. फोन कानाला होता, एका कानात अकरा आवाज, दुसऱ्या कानात एक. नऊशे. हजार, चला. खिडकीबाहेर तिचं पाळणाघर दिसत होतं, पडदे ओढलेलं, शांत. अकराशे. डॉक्टरीणबाई सुई भरता भरता काहीतरी विचारत होत्या, ते तिनं ऐकलं नाही.

बाराशे चार.

दोन्हीकडचा आवाज एकदमच थांबला.

वीस मिनिटं आणि चार सेकंद. हिशोब तिनं पटकन केला. पहिल्या औषधानं थांबणार नाही, दुसऱ्यानंही कदाचित नाही. अवकाश किती आहे, ते मात्र कोणी सांगितलं नव्हतं. महिन्यापूर्वी मोजणी थांबल्यावर अर्धा तास मिळाला होता, आज काही मिनिटं. हाताची बोटं तिला जराशी दूर गेल्यासारखी वाटली.

"मावशी, भिंगरीची आई येईल. तिला म्हणावं पोरगी उद्यापासून नेहमीसारखी सोड," असं म्हणून तिनं फोन बंद केला.

मग तिनं चष्मा काढून खिडकीत ठेवला. औषधांची चाकाची ट्रॉली पायानं लांब ढकलली, कोपरे लागायला नकोत. गळ्याचं बटण काढलं, खाटेवरचा टॉवेल घेतला, घडी घातली, आणि दवाखान्याच्या फरशीवर डाव्या कुशीवर आडवी झाली.

"अहो ताई! काय करताय हे?" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

"चक्कर नाही आलेली. ताप बघा माझा." डॉक्टरीणबाईंचा हात तिच्या कपाळावर आला तो बर्फासारखा गार लागला, आणि चटका बसल्यासारखा मागे गेला. ताई शांतपणे बोलत राहिली, कारण सांगायचं बरंच होतं आणि वेळ थोडा. "हातपाय धरू नका. तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांना पहिलं औषध द्या, दुसरं भरून ठेवा, मोठ्या दवाखान्याची गाडी आत्ताच बोलवा. वीस मिनिटं चालेल. तुम्ही घाबरू नका. घड्याळाकडे बघा."

खाटेवर भिंगरी उठून बसली होती. तिनं कठड्यातून खाली पाहिलं. तिचे डोळे स्वच्छ होते, चांगली झोप झालेल्या मुलांचे असतात तसे. ती सगळं लक्ष ताईवर लावून बसली, मान न हलवता.

"एक," भिंगरी म्हणाली.